पाक चावणारी दाढ

कारखान्यात त्याला समोर सगळे काका म्हणत, आणि पाठ वळली की दाढोबा. त्याला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. कारखाना गोळ्यांचा. लिंबाच्या, संत्र्याच्या, आल्याच्या, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या कागदातल्या. तिथे साखर ओतणारे वेगळे, रंग घालणारे वेगळे, गुंडाळणाऱ्या बायका वेगळ्या. दाढोबाचं काम एकच, उकळता पाक आचेवरून कधी उतरवायचा ते सांगणं. जरा लवकर उतरला तर गोळी कागदाला अशी चिकटते की गिऱ्हाईक कागदासकट चघळत बसतं. जरा उशीर झाला तर पाक करपतो आणि अख्खं पातेलं मोरीत जातं.

तो मधला क्षण दाढोबा दाढेने पकडायचा. लांब दांड्याच्या पळीने पाकाचा थेंब घ्यायचा, वाडग्यातल्या गार पाण्यात सोडायचा, दोन बोटांनी उचलायचा आणि डावीकडच्या मागच्या दाढेखाली धरून चावायचा. दाताला चिकटला, की मान हलवून नाही म्हणायचं. कट्कन तुटला आणि चिकटला नाही, की हात वर करायचा. हात वर झाला की दोन गडी धावून पातेलं उतरवायचे. दिवसभर हेच. बाकी लोक कामावर गोड खाऊन कंटाळतात म्हणे. दाढोबाला त्याची चवसुद्धा लागत नसे. तो पाक खात नव्हताच, तो पाकाला प्रश्न विचारत होता.

मालकांनी मध्यंतरी काट्याचा थर्मामीटर आणला होता. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांचं नाव आपोआप काटेसाहेब पडलं. माणूस सरळ, पण त्या काट्याला वाफ लागायची, दांडीवर साखरेची पुटं चढायची, आणि काटा वाटेल ते दाखवायचा. काटा एक म्हणाला आणि दाढ दुसरं म्हणाली, की खरी ठरायची दाढ. निदान दाढोबा तरी सगळ्यांना तसं सांगायचा, आणि काटेसाहेब बिचारे वाद घालत नसत.

दाढोबाचा स्वभाव मोठा चौकस. डोक्यात एखादा प्रश्न शिरला की जेवणावरचं लक्ष उडायचं. गरगर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यावर धूळ बसतेच कशी, हे पाहायला तो एकदा भर दुपारी स्टुलावर चढला होता आणि खालच्या गोळ्यांवर सगळी जळमटं पाडून उतरला होता. असला माणूस. त्याच्या तोंडात तीन दाढा तीन वेगवेगळ्या मालाने भरलेल्या असताना तो गप्प बसेल, ही अपेक्षाच चूक.

तर त्या तीन दाढा अशा. डावीकडची, पाक चावणारी, फार पूर्वी चांदीने भरलेली. उजवीकडे वर एक, दाताच्याच रंगाचं पांढरं लावून आणि निळा दिवा दाखवून घट्ट केलेली. उजवीकडे खाली एक, सिमेंटने भरलेली. गेले काही दिवस डावी दाढ गार पाण्याने ठणकायला लागली होती आणि उजव्या दोघी ठणठणीत होत्या. झालं. दाढोबा बायकोचा हात-आरसा घेऊन खिडकीशी बसायचा, जबडा वाकडा करायचा, जिभेने चाचपायचा, आणि मग निकाल द्यायचा. पांढरं पहिलं, कारण चकचकीत. सिमेंट दुसरं, कारण वरून झिजून खड्डा पडलाय. चांदी नापास. हा निकाल त्याने कारखान्यात इतक्या ऐटीत सांगितला की गुंडाळणीतल्या एका ताईंनी आपली चांगली धडधाकट चांदी काढून पांढरं भरून घ्यायचं मनावर घेतलं.

बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधणं हे तिचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे घरातही ती सहसा सोडत नसे. पण दातांच्या बाबतीत ती इतकंच म्हणाली, की आरशाशी बोलून काय होणार, डॉक्टरकडे जा.

दवाखाना कारखान्याच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर. डॉक्टरीणबाई वयाने दाढोबाच्या मुलीसारख्या शोभल्या असत्या, पण खुर्चीत बसवल्यावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी डाव्या दाढेचा फोटो काढला, खिडकीकडे धरून नीट पाहिला. मग सांगितलं, की चांदी अजून दगडासारखी आहे, पण तिच्या कडेने खालपर्यंत पुन्हा कीड गेली आहे, पार हिरडीजवळ. ही दाढ अजून एकदाच भरून घेईल. त्यानंतर भरायला भिंतीच उरणार नाहीत, मग काढावीच लागेल.

डावीकडे चावण्याजोगी ती एकच दाढ उरली होती. तरी त्याने उसनं अवसान आणून आपला निकाल ऐकवला, की चांदी नापास झालेली आहे, तेव्हा पांढरं भरून टाका. स्वतःच्या तोंडात तिन्हींची तुलना केलेला माणूस सांगतोय, असंही वर बजावलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. उलट त्यांनाही उत्सुकता वाटली. तुलना कशी केली, काय पाहिलं, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, की कामावर तो पाक कोणत्या बाजूने चावता.

"डावीकडून," दाढोबा म्हणाला.

"नेहमीच?"

"नेहमीच. उजवीकडून मला कळतच नाही."

त्यांनी आरसा ताटलीत ठेवला. मग जे सांगितलं ते ऐकून दाढोबाला आधी तोंडात मारल्यासारखं झालं आणि लगेच इतकी मजा वाटली की तो खुर्चीत ताठ उठून बसला. साखरेचा सगळा मारा डाव्या दाढेवर, उजव्या दोघी मात्र सावलीत बसलेल्या, आणि हा पहिला-दुसरा नंबर लावतोय. चांदीची काहीच चूक नव्हती, असं नाही. पण तिला जे भोगावं लागलं ते बाकीच्या दोघींच्या वाट्याला आलंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, म्हणून त्याने कपाळाला हात लावला. गुंडाळणीतल्या ताईंना सांगायला हवं, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

आणि गंमत पुढेच होती. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात मोठा आरसा दिला आणि उजव्या दाढा दाखवल्या. चकचकीत पांढऱ्याच्या कडेला केसासारखी एक काळी रेघ उमटू लागली होती. सिमेंट झिजलं होतं खरं, पण भोवतीचा दात शेंड्यापासून हिरडीपर्यंत स्वच्छ होता. "काका, तुम्ही भरलेलं बघता," त्या म्हणाल्या, "मी भोवतीचा दात बघते."

मग काय, दाढोबाने प्रश्नांची सरबत्ती लावली. बाहेर एक पेशंट ताटकळत होता, पण बाईंनाही बहुतेक असा विचारणारा भेटत नसावा. त्यांनी काचेच्या अगदी बारीक भुकटीत एक थेंब टाकला, कागदावर भराभर घोटून दाखवला आणि तो गोळा त्याच्या हातावर ठेवला. तेच सिमेंट. दाढोबाने नख लावून पाहिलं, वास घेतला. चावून पाहायची सवय हाताशी होती, ती बाईंच्या डोळ्यांकडे बघून आवरली. हे सिमेंट दाताला आपणहून धरतं आणि त्यातून थोडं थोडं फ्लोराइड झिरपत राहतं, म्हणून कडेच्या किडीला आळा बसायला मदत होते. टूथपेस्टमधलं फ्लोराइड ते परत पिऊनही घेतं. हे ऐकून दाढोबा इतका खूश झाला, जणू सिमेंट त्यानेच शोधलं होतं. पांढरं दिसायला सुरेख आणि दाताला छान धरतं, पण लावताना जागा कोरडी ठणठणीत लागते, आणि डाव्या दाढेचा खड्डा हिरडीला भिडलेला, तिथे ओल हटणार नाही. चांदीला ओलीचं एवढं वावडं नाही आणि ती चावायला खंबीर. पण ही चांदी दाताला धरत नाही, तिला अडकून बसायला खाच लागते. म्हणजे आणखी दात कोरायचा. आणि कीड रोखायला ती काही करत नाही, नुसती बसून राहते.

"मग सिमेंटच भरा की," दाढोबा म्हणाला.

"भरते. पण ते मऊ आहे. त्याच्यावर पाक चावलात तर चार दिवसांत उखडेल. सिमेंट भरलं तर त्या दाढेने पाक चावायचा नाही, कधीच नाही. आणि चावायचाच असेल तर चांदी भरून देते, पण मग ती दाढ फार दिवस राहील असं मी म्हणणार नाही."

इथे दाढोबाची गाडी अडली. जो माल दाढ राखेल तो पाक चावू देणार नाही, आणि जो पाक चावू देईल तो दाढ राखणार नाही. विचार करून सांगतो म्हणाला आणि जिना उतरला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, सिमेंट फ्लोराइड पिऊन घेतं इथपासून. ती एक मुद्रित पुढ्यात घेऊन बसली होती. ऐकून म्हणाली, की यात विचार कसला करायचा, सिमेंट भरा आणि मोकळे व्हा. दाढोबा भडकला. तुला काय जातंय सांगायला, असं काहीबाही बोलला. तिनेही आवाज चढवला. जरा वेळाने तोच म्हणाला, "काटेसाहेबांना काटा वाचता येतो. मालकांना धंदा येतो. मला काय येतं? मला चावता येतं. तेवढंच गेलं तर मी त्या कारखान्यात कोण?"

बायकोने पेन्सिल खाली ठेवली. नवऱ्याला इतकं घाबरलेलं तिने क्वचितच पाहिलं होतं. तिला वाईट वाटलं आणि रागही आला, की या माणसाने आपली सगळी किंमत एका दाढेखाली ठेवून दिली. पण खोटं उत्तर द्यायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने मुद्रित पुन्हा पुढे ओढलं. त्याने चांदीच भरायचं ठरवलं. दाढ जाईल तेव्हा जाईल, तोवर तरी आपण आपल्या जागेवर आहोत, असा हिशेब. डॉक्टरीणबाईंना फोन करून तसं कळवलं. बायको त्या दिवशी त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

ठरल्या दिवशी सकाळी तो खुर्चीत बसला. बाईंनी भुलीचं इंजेक्शन दिलं, जबडा हळूहळू लाकडासारखा झाला, त्यांनी कोरायचं मशीन हातात घेतलं, आणि वीज गेली. साऱ्या भागाची गेली. बरीच वाट पाहिली, मग खालून कुणीतरी सांगत आलं की संध्याकाळशिवाय येत नाही. बाईंनी हात टेकले. त्याला सांगितलं, संध्याकाळी या, आणि भूल उतरेपर्यंत काहीही चावू नका, गाल दाताखाली येईल आणि कळणारही नाही.

दाढोबा घरी जाईल तर तो दाढोबा कसला. पाय आपोआप कारखान्याकडे वळले. आत शिरला आणि दारातच थबकला, कारण कारखाना मुका झाला होता. गुंडाळणीचं मशीन बंद, पंखे बंद, गार हवा मारणारं यंत्र बंद. बायका हातानेच कागद पिळत होत्या आणि कागदाची चुरचूर ऐकू येत होती. गॅसवरचं पातेलं मात्र चालू, पाक खदखदत होता, आणि शेजारी काटेसाहेब घामाघूम होऊन काचेवरची वाफ पुसत होते. काका नाहीत म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दाढोबाला पाहताच त्यांचा जीव भांड्यात पडला.

सवयीने त्याने थेंब पाण्यात सोडला, उचलला, डाव्या दाढेखाली धरला आणि चावला. डॉक्टरीणबाई आठवल्या त्या चावून झाल्यावर. दाढ होती का नव्हती तेही कळत नव्हतं, मग ती काय सांगणार? आणि तरीही त्याला स्पष्ट कळलं, अजून झाला नाही. थोड्या वेळाने पुन्हा एक थेंब. नाही. पुन्हा एक, आणि या वेळी त्याचा हात आपणहून वर गेला. पातेलं उतरलं, पाक दगडी ओट्यावर पसरला आणि काचेसारखा लख्ख बसला.

सगळे कामाला लागले. दाढोबा मात्र जागेवरच उभा. दाढ तर मेलेली, मग मला सांगितलं कुणी? त्याने उरलेला तुकडा उचलला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि चावला. आवाज बंद व्हायच्या ऐवजी मोठा झाला, डोक्याच्या आत कुणी टिचकी मारल्यासारखा. कानांत बोटं घालून वाकड्या तोंडाने गोळी चावणारे काका बघून गुंडाळणीच्या टेबलावर खसखस पिकली. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं दाढ नुसती तोडत होती. ऐकत होता कान.

दुसरं पातेलं चढलं. या वेळी त्याने थेंब तोंडात घातलाच नाही. पाण्यातून काढला, कानाशी धरला आणि बोटांनी मोडायला गेला. तो वाकला, आवाज नाही. नंतरचा मोडला, पण दबका, ओली काडी मोडावी तसा. सगळे आता हात थांबवून त्याच्याकडे पाहत होते. पुढचा थेंब टक् करून मोडला. त्या शांततेत तो आवाज भिंतीपर्यंत पोचला असावा, कारण दाढोबाचा हात वर जायच्या आधीच गुंडाळणीतल्या ताई म्हणाल्या, "झाला ना आता?"

पाक उतरला. छान उतरला. दाढोबाला शोध लागल्याचा आनंद इतका झाला होता की दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. ती आली तेव्हा त्याने हातातली पळी खाली ठेवली. ताईंना ऐकू आलं होतं. म्हणजे सगळ्यांना आलं होतं. जे आपल्या तोंडात कुलूपबंद होतं, ते आपणच कुतूहलापायी चव्हाट्यावर मांडून ठेवलं होतं.

तिसऱ्या पातेल्याला काटेसाहेब पुढे झाले. करून बघू का, असं त्यांनी इतक्या अदबीने विचारलं की नाही म्हणायला तोंड उघडेना. त्यांनी थेंब काढला, कानाशी धरला, मोडला, थांबले. पुन्हा काढला. पुन्हा. टक् आवाज आला आणि ते मागे वळले. "काका, उतरवू?"

त्या वेळी दाढोबाच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. अजून थोडं थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पाक करपला असता, काटेसाहेब तोंडघशी पडले असते, आणि उद्यापासून पुन्हा दाढ ती दाढ. कुणाला कळलंही नसतं. पातेल्यातले बुडबुडे जाड होत चालले होते आणि काटेसाहेब त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"उतरवा," तो म्हणाला.

पाक ओट्यावर बसल्यावर काटेसाहेब जवळ आले. हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मलाच आज कळलं, असं दाढोबाने सांगितलं, आणि तो कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. पातेली चढत राहिली, उतरत राहिली. दरवेळी कुणीतरी त्याच्याकडे वळून पाही, तो मान हलवी, पण मान हलवायच्या आधीच पाक झालेला असे. भूल उतरली आणि गाल झोंबायला लागला, तेव्हा कळलं की तो आतून चांगलाच चावला गेलाय.

संध्याकाळी वीज आली. दाढोबा जिना चढून खुर्चीत बसला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं, चावलेला गाल पाहिला आणि चांगली कानउघाडणी केली. मग नव्याने भूल दिली. जबडा जड होईपर्यंत त्यांनी चांदीचं सामान पुढे ओढलं.

"चांदी नको," दाढोबा म्हणाला. "सिमेंट भरा."

त्यांनी वळून पाहिलं. "आणि पाक?"

"पाक कानाने कळतो, डॉक्टर. काटेसाहेबांनाही येतो. आता सगळ्यांनाच येतो."

बाईंनी चांदीचं सामान मागे सारलं. मग त्यांनी बजावलं, की सिमेंट झिजणार, अधूनमधून येऊन पुन्हा भरावं लागणार, आणि गोडापासून ही दाढ लांब ठेवावी लागणार. हे सगळं करायची तयारी आहे ना?

दाढोबाने जिभेने दाढ एकदा चाचपली. अर्धी बधिर, अर्धी अजून कळत होती.

"आहे," तो म्हणाला. "आजवर ही दाढ कारखान्याची होती. आता माझी आहे. जपून भरा."

आणि त्याने आपणहून तोंड उघडलं. जुनी चांदी आणि कीड कोरून झाल्यावर बाईंनी भुकटीत थेंब टाकला आणि घट्ट व्हायच्या आत भराभर घोटायला घेतलं.